गिअरची मूठ

मुठीवरचे ठिपके अजून हाताला लागत होते — अंगठ्याला नाही, अंगठ्याची कातडी आता कशालाच दाद देत नव्हती, पण तळहाताच्या मधोमध, जिथे हात मिटतो तिथे, एक ठिपका, त्याच्याखाली दोन, मग रेघ ओलांडून तीन, चार... आणि अगदी कडेला ते छोटं कडं, गाडी मागे घ्यायच्या गिअरचं. रंग हस्तिदंती. म्हणजे लोक हस्तिदंती म्हणत. डॉक्टरांना पक्कं ठाऊक होतं की हा रंग पन्नाशी ओलांडलेल्या, चहा भरपूर पिणाऱ्या, पण सिगारेट न ओढणाऱ्या माणसाच्या सुळ्याचा आहे. कवळ्यांसाठी रंगांची जी पट्टी दवाखान्यात असायची, तिच्यावरून तो निवडला होता. निवडला होता बायकोने. मूठही तिनेच केली होती.

गाडीचं आसन इतकं खाली होतं की त्यात बसणं म्हणजे सभ्यपणे पडणंच. पडायला काही लागत नाही, उठायचं नंतर बघू, असं म्हणून ते सकाळीच गॅरेजमध्ये येऊन पडले होते. ताडपत्रीवर मांजर बसतं का ते बघून येतो, असं घरात सांगितलं होतं. घरात मांजर नव्हतं, शेजारीपाजारीही नव्हतं. पण बायको "बघा" एवढंच म्हणाली होती आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं होतं — आणि हीच तर काळजीची गोष्ट होती. एरवी तिने मांजराचा रंग विचारला असता.

आठवडाभर ती अशीच होती. तो माणूस येऊन गेल्यापासून.

तो माणूस जुन्या गाड्या नव्या करून देतो, म्हणजे खरं तर जुन्या गाड्या पुन्हा जुन्या करून देतो. कारखान्यातून पहिल्या दिवशी जशी निघाली तशी. आल्या आल्या त्याने काडीला लावलेला आरसा खिशातून काढला तेव्हा डॉक्टरांना फार बरं वाटलं, आपल्याच धंद्यातला कुणीतरी भेटल्यासारखं. मग तो गाडीभोवती फिरत, दर पावलाला एकच वाक्य म्हणत राहिला, "हे मूळचं नाही." छपराच्या कापडाची शिवण मूळची नव्हती, ती दात साफ करायच्या दोऱ्याने घातली होती. डॅशबोर्डवरचं भोक बुजवलेलं होतं ते मूळचं नव्हतं; ती चांदी होती, दाढेत भरतात ती, आणि डॉक्टरांच्या मते उत्तम टिकली होती. स्टिअरिंगच्या चाकावरच्या भेगेशी तो बराच वेळ थांबला.

"साहेब, हे गुलाबी काय आहे?"

"हिरडी," डॉक्टर म्हणाले.

तो हसला नाही. त्याने आरसा पुसून खिशात ठेवला. ह्या माणसाचं नाव डॉक्टरांनी मनातल्या मनात तेव्हाच मूळपुरुष ठेवून टाकलं, आणि हे बायकोला कधी सांगतो असं त्यांना झालं, पण ते सांगायचं राहूनच गेलं, कारण मूळपुरुषाने नंतर गिअरच्या मुठीवर हात ठेवला, दांडा इकडेतिकडे केला, ठिपक्यांकडे वाकून पाहिलं आणि म्हणाला, "आणि हे तर चुकीचंच आहे. गिअरचा नकाशा उलटा कोरलाय. डावीकडचं उजवीकडे. कुणी केलं हे? हे फेकूनच द्यावं लागेल." — आणि गॅरेजच्या दारात ती चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने ट्रे बॉनेटवर ठेवला. बॉनेटवर काही ठेवायचं नाही हा ह्या घरातला सगळ्यांत जुना कायदा, तो तिने मोडला, "साखर वेगळी ठेवलीय" म्हणाली, आणि गेली.

मूळपुरुष तसा वाईट माणूस नव्हता. जाताना त्याने गोष्ट अगदी सोपी करून सांगितली: तुम्ही म्हणाल तर तुमच्यासाठी नवी करतो, नाहीतर मीच विकत घेतो आणि माझ्यासाठी नवी करतो. गाडी दोन्हीकडून माझ्याकडेच येणार, प्रश्न एवढाच की परत यायची की नाही. पुढच्या आठवड्यात आजच्याच वारी, संध्याकाळी फोन करतो.

ती संध्याकाळ आज होती.

गंमत म्हणजे हाच प्रश्न डॉक्टरांनी सगळी हयात दुसऱ्यांना विचारला होता. वाचवायची की काढायची? लोक आ वासून पडलेले असत, त्यामुळे उत्तर देता येत नसे, आणि हीच ह्या धंद्यातली मोठी सोय होती. चूळ भरून झाली की ते विचारत, "डॉक्टर, तुमची दाढ असती तर तुम्ही काय केलं असतं?" आणि डॉक्टर ताबडतोब, जराही विचार न करता, म्हणत, "वाचवली असती." किती सोपं होतं ते... दाढ दुसऱ्याची होती.

पण ह्या गाडीत वाचवायचं म्हणजे नक्की काय? मूळपुरुष वाचवणार होता तो पत्रा आणि इंजिन. शिवण उसवणार, हिरडी खरवडणार, चांदी उकरणार, आणि ही मूठ — तिने केलेली मूठ — फेकणार. विकली तरी तेच. म्हणजे मी काहीही म्हणालो तरी त्याचा अर्थ एकच होतो, की बाई गं, तू केलंस ते चुकीचं होतं, आणि ही गोष्ट मी तुला इतकी वर्षं सांगितली नव्हती ती आता एका परक्या माणसाकडून, चहाच्या वेळी... डॉक्टरांनी मुठीवरचा हात काढला आणि पुन्हा ठेवला.

गाडी आली तेव्हा खरं तर दवाखान्यासाठी दुसरी खुर्ची घ्यायची होती. दवाखाना चालायला लागला होता, बाहेरच्या बाकावर माणसं गालाला हात लावून ताटकळत होती, दोघांनी ठरवून पैसे बाजूला टाकले होते. डॉक्टर खुर्ची बघायला म्हणून गेले आणि वाटेत एका अंगणात ही उभी दिसली — लाल, बुटकी, दोन माणसांपुरती, आणि पावसात भिजलेल्या पाहुण्यासारखी आत बोलावण्याची वाट बघणारी. ती घेऊन ते घरी आले. नुकतंच लग्न झालेली बायको, जी दवाखान्याच्या मागच्या खोलीत कवळ्या करायची, प्लास्टरने माखलेले हात तसेच घेऊन बाहेर आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "एक खुर्ची आणायला गेलात आणि दोन आणल्यात. त्याही चाकांवर." त्यापुढे ती काही बोलली नाही. बाकावरची माणसं पुढची काही वर्षं ताटकळत राहिली.

मग एक दिवस, वळणावरच, गिअरची जुनी मूठ त्यांच्या हातात आली; अगदी उपटलेल्या दाढेसारखी, मुळासकट, आणि तशीच निरर्थक. नवी कुठे मिळेना. मागच्या खोलीतून ती म्हणाली, "आणा इकडे. जबडा करता येतो तर हे काय." आणि तिने केली. मेणाचा गोळा वळला, त्याचा प्लास्टरचा साचा घेतला, आणि साच्याच्या आत, सगळ्यांत बारीक कोरणीने, रेघा आणि ठिपके कोरले, आकडे इतक्या लहान जागेत नीट येत नाहीत म्हणून ठिपके, म्हणजे कवळीचा मसाला ओतला की ते मुठीवर उठून येतील. उठून आले. फक्त साच्यात जे डावीकडे होतं ते मुठीवर उजवीकडे आलं, साच्यातून काढलेल्या प्रत्येक गोष्टीचं येतं तसं.

डॉक्टरांच्या ते दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात आलं. पहिला गिअर टाकायला त्यांनी दांडा डावीकडे वर नेला, जसा नेहमी नेत, आणि सहज खाली पाहिलं, तर मुठीवरचा एक ठिपका उजवीकडे होता. ते तसेच बसून राहिले. ज्या बाईचा सगळा दिवस उलट्याचं सुलट करण्यात जातो — ठसा उलटा, साचा सुलटा, पुन्हा उलटा, आणि शेवटी कुणाच्या तरी तोंडात बरोब्बर बसणारं हसू — ती एकदाच चुकली, आणि तीही नवऱ्याच्या कामात, हौसेने करताना. तिला गाडी चालवता येत नव्हती. शिकायचं नावही काढत नसे. तिला कळायचं काही कारण नव्हतं. "छान झालीय," ते संध्याकाळी म्हणाले. आणि ठरवलं की हे कधीच सांगायचं नाही.

खरं सांगायचं तर संसारात मी स्वतःच्या हाताने केलेली ही एकच सुबक गोष्ट — ही न बोललेली. बाकी सगळं तिने केलं. पण ही माझी होती. कधी भांडण झालं, ती दोन दिवस बोलली नाही, तर मी रात्री कुशीवर वळून मनात म्हणायचो, मी काय काय सांगत नाही तुला, तुला कल्पना नाही... आणि मला फार उदार वाटायचं, आणि छान झोप लागायची.

तिच्या भावाच्या वेळी तर औदार्याची कमालच झाली. मेहुणा चार दिवस राहायला आला होता, गाडीवर त्याचा जीव जडला होता, आणि एका दुपारी कुणाला न विचारता तो गाडी गॅरेजमधून बाहेर काढायला बसला. मागे घ्यायची म्हणून मुठीवरचं कडं बघून दांडा डावीकडे खाली ओढला. तिथे खरोखर होता दुसरा गिअर. गाडी मागे जाण्याऐवजी पुढे गेली, समोरच्या भिंतीवरच्या फळ्यांना भिडली — आणि त्या फळ्यांवर दवाखान्यात न मावणारे पेशंटांच्या दातांचे प्लास्टरचे नमुने ठेवलेले असत. निम्म्या गावाचे जबडे उघड्या छपरातून मेहुण्याच्या डोक्यात पडले. शाळेचे मुख्याध्यापक, त्यांच्या सासूबाई, बँकेचा मॅनेजर, सगळे. "गाडीत काहीतरी गडबड आहे भावजी," तो प्लास्टर झटकत म्हणाला, आणि डॉक्टरांनी शांतपणे सगळा दोष गिअरबॉक्सवर ढकलला. ती खाली बसून जबडे गोळा करत होती, मान खाली, आणि तिचे खांदे हलत होते. बिचारी रडतेय, असं वाटून डॉक्टरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला होता.

त्यानंतर गाडी कुणी मागितली नाही. त्याआधी मित्र एकेकदा घेऊन गेले होते, चौकात बंद पाडून, पाठीमागच्यांच्या शिव्या खाऊन, घाम पुसत परत आले होते. दुसऱ्यांदा कुणीच आलं नाही. त्यामुळे रविवार संध्याकाळ कायम त्यांचीच राहिली. दोघं पुढे, आणि लेक झाल्यावर ती मागच्या अरुंद फळीवर, उशी घेऊन, दोघांच्या मानांच्या मधून रस्ता बघत...

दुपारी लेकीचाच फोन आला. तोपर्यंत डॉक्टर गाडीतून उठले होते — आधी एक पाय बाहेर, मग दाराला धरून अर्धं वळण, मग थोडी विश्रांती आणि आत्मपरीक्षण, मग दुसरा पाय.

"बाबा, काय ठरलं?"

"तपासणी चालू आहे."

"आईला विचारलंत?"

"तिला काय विचारायचं त्यात? तिला गाडीतलं काय कळतं?"

पलीकडून लेक म्हणाली, "बाबा, तुम्हांला खरंच असं वाटतं?"

"म्हणजे काय?"

"काही नाही. आईला विचारा. माझं म्हणाल तर त्या फळीवर आता माझा एक पायसुद्धा मावणार नाही. पण विचारा तिला."

विचारा. पण कसं विचारणार? जेवण झाल्यावर ती खिडकीशी उभी राहून स्वेटरची बटणं लावत होती. म्हणजे लावत नव्हती. बोटांच्या पेरांना आता सूज असते, सकाळी जास्त, दुपारी कमी. वरचं बटण अजून जमतं, खालची जमत नाहीत. डॉक्टर गेले आणि खालची तीन लावली. दोघंही खिडकीबाहेर बघत होते. हे असं अलीकडे रोजच होतं आणि त्याबद्दल कुणी काही बोलत नाही.

ह्या बोटांनी... गावात अजून भेटतात माणसं. रस्त्यात थांबवतात, हात धरतात, "डॉक्टर, तुम्ही दिलेले दात, भाकरीचा तुकडासुद्धा मोडतो अजून," म्हणतात आणि पुरावा म्हणून हसतात. आणि मीही हसतो, मान लववतो, घेतो ते आभार. तोंड उघडायला मी सांगितलं होतं, एवढंच माझं. दात त्या मागच्या खोलीतले. एकदा एक बाई, कवळी बसवल्यावर आरशात बघून, इतकी रडली की आम्ही दोघांनी तिला पाणी दिलं, आणि जाताना ती माझ्याच पाया पडली. पाण्याचा रिकामा पेला घेऊन ही बाजूला उभी होती. तिला ते चालत असे. मला वाटत असे की चालतं...

चहा झाला. तिने कप बाजूला सारला आणि म्हणाली, "चला. बघू तुमचं मांजर."

गॅरेजमध्ये ती सरळ पलीकडच्या दाराकडे गेली, दार उघडलं आणि पडली. म्हणजे बसली. डॉक्टर आपल्या बाजूने बसले. समोर काचेपलीकडे भिंतीवर फळ्या होत्या, आणि फळ्यांवर जबडे, जे फेकायचे दर दिवाळीच्या स्वच्छतेला ठरायचे आणि राहायचे. काही वेळ दोघं त्यांच्याकडे आणि ते दोघांकडे बघत राहिले.

तिने हात पुढे केला आणि मुठीवर ठेवला. "हे फेकणार म्हणे."

"तू ऐकलंस?"

"कान अजून मूळचे आहेत."

डॉक्टरांना हसू आलं, आणि ते आलं म्हणून धीर आला, आणि धीर आला म्हणून ते चुकले. "त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस," ते म्हणाले. "त्याला काय कळतंय. अशी चूक कुणाच्याही हातून —" आणि थांबले. झालं. इतकी वर्षं राखलेलं, एका अर्ध्या वाक्यात.

"चूक?" ती म्हणाली.

डॉक्टर काचेपलीकडच्या जबड्यांकडे बघायला लागले.

"अहो डॉक्टर, मागच्या खोलीत मी किती साचे केले असतील?"

"पुष्कळ."

"त्यातला एक तरी उलटा झाला? कुणाची खालची कवळी वर गेली?"

"नाही."

"मग?"

"...मग काय?"

"दर रविवारी तुमचा एकेक मित्र उभा राहायचा दारात. जरा गाडी हवी होती. आणि तुम्हांला नाही म्हणता येतं का कुणाला? माझा भाऊ तर म्हणायला लागला होता, महिनाभर नेतो. मी काय करणार होते? पाटी लावणार होते?"

डॉक्टरांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती समोर, मुख्याध्यापकांच्या जबड्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा अगदी तसा होता, "बघा" म्हणून पेपरात डोकं घालतानाचा. ह्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. कधीच कळलं नव्हतं. ती आत्ता, ह्या क्षणी, स्वतःची चूक झाकायला हे रचून सांगत असेल — तसं असेल तर काय सुबक रचलं होतं — किंवा हे सगळं खरं असेल, आणि त्या दिवशी जबडे गोळा करताना तिचे खांदे...

"त्या दिवशी तू रडत होतीस ना? तुझा भाऊ धडकला तेव्हा?"

"रडेन कशाला?"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही कुठे काय विचारलंत? तुम्ही म्हणालात, छान झालीय. मला वाटलं, ह्यांना कळलंच नाही. तुम्ही काय, न बघता गिअर टाकता. आणि तुम्हांला कळलं होतं तर तुम्ही का नाही बोललात?"

"खरं सांग. मुद्दाम?"

"ते आता तुम्ही ठरवा. सगळं मीच करायचं का?"

घरात फोन वाजायला लागला.

"उठा. तुमचा तो असेल. कोण म्हणता त्याला?"

"मूळपुरुष."

ती हसली. आठवडाभरात पहिल्यांदा, आणि अशी की स्वेटरचं वरचं बटण सुटलं. "हे आधी का नाही सांगितलंत? आठवडा काय मांजरं बघत बसलात. उठा, वाजतोय."

"तू उठ."

"मला आधी कुणीतरी ओढायला लागतं."

"मलाही."

मग कुणीच उठलं नाही. फोन वाजत राहिला, समंजस माणसाचा फोन वाजतो तसा, घाई न करता. डॉक्टरांनी आपला हात तिच्या हातावर ठेवला, सुजलेल्या पेरांवर, हळूच, आणि दांडा ठिपक्यांच्या सांगण्याविरुद्ध डावीकडे नेला आणि वर ढकलला, आणि पहिला गिअर जसा नेहमी बसायचा तसा बसला, दाढ बसते तसा, किंचित टक् असा आवाज करून. इंजिन बंदच होतं. बॅटरी तर केव्हाच काढून ठेवलेली.

फोन थांबला. पुन्हा वाजेल, तो माणूस पुन्हा वाजवणाऱ्यांतला आहे. आणि तेव्हा नवी करा म्हणायचं की घेऊन जा म्हणायचं की नका येऊ म्हणायचं, हे डॉक्टरांना अजून माहीत नव्हतं, सकाळइतकंच माहीत नव्हतं. पण सकाळी ते इथे बसले होते ते देणारा माणूस म्हणून — आयुष्यभर बायकोची एक चूक पोटात घालत आलेला, त्या औदार्याच्या उशीवर रोज रात्री झोपलेला — आणि आता ती उशी कुणीतरी डोक्याखालून अलगद काढून घेतली होती आणि मान मुळीच अवघडली नव्हती. ते सगळे रविवार, ते रिकामे रस्ते, मागच्या फळीवरची झोपलेली लेक, कुणी मागायला येत नाही म्हणून आपोआप आपले राहिलेले... आपोआप? की कुणीतरी बारीक कोरणीने, साच्याच्या आत, आधीच...

विचारलं तर ती सांगणार नाही. आणि न विचारण्यात आपला हातखंडा आहे. तळहाताखाली तिचा हात होता, तिच्या हाताखाली ठिपके होते, आणि ह्यात कुणी कुणाचं काय झाकलं होतं हे डॉक्टरांना सांगता आलं नसतं. म्हणजे मला, मला तर नाहीच नाही. समोर निम्मं गाव दात दाखवत उभं होतं. तिने त्या दातांचे आभार कधी मागितले नव्हते, आणि आता मागितले असते तर कुठून सुरुवात करायची तेच मला कळलं नसतं, म्हणून मी तिचं सुटलेलं वरचं बटण लावायला घेतलं, एका हाताने, कारण दुसरा उचलायची माझी इच्छा नव्हती.